साखरेच्या मागावर

ज्या शहरात लोक सकाळी ‘कसे आहात’ न म्हणता ‘पोहे झाले का’ असं विचारतात, त्या शहरात मी नोकरीची सगळी वर्षं माणसांना उपाशीपोटी बोलावलं. इंदूरने मला परत सोलापूरला कसं धाडलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. शेंगाचटणीवर वाढलेली मी मुलगी, पोह्यांशेजारी जिलबी मांडणाऱ्या माणसांत येऊन पडले, तिला जलेबी म्हणायला शिकले, स्वतः रोज खाऊ लागले, आणि वर येईल त्याला दटावत राहिले, “काही खाल्लं तर नाही ना?”

हॉस्पिटलात माझं खातं पेट स्कॅनचं, मी तिथली तंत्रज्ञ. हे नाव इंग्रजी अक्षरांचं आहे, पण हिंदीत पेट म्हणजे पोट, त्यामुळे आमच्याकडे आलेला प्रत्येक दुसरा माणूस आधी भांडायचा. “मॅडमजी, गांठ मेरे गले में है और डॉक्टर पेट का स्कॅन करा रहे हैं. इनको आता भी है कि नहीं?” मराठी पेशंट त्याहून वरचढ. एका आजोबांनी घाबरत विचारलं, “पेट म्हणजे आत काही पेटवणार का हो?” मी म्हटलं, “आजोबा, आम्ही काही पेटवत नाही. आत काय पेटलंय ते फक्त बघतो.” आजोबांचं समाधान झालं आणि मला कायमचं एक वाक्य मिळालं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी ते फुकटात वापरलं.

काम समजायला सोपं आहे. आपल्या अंगातली प्रत्येक पेशी साखर खाते. मेंदू भरपूर खातो, हृदय मनाला येईल तसं खातं, बाकीच्या पेशी गरजेपुरतं. कॅन्सरची पेशी मात्र हावरट. साधी पेशी साखरेचा कण न् कण नीट जाळून त्यातून ताकद काढते. ही बया साखर ओढते चौपट, अर्धीकच्ची जाळते आणि बाकीचा आंबट कचरा शेजाऱ्यांच्या दारात टाकते. असली उधळपट्टी ती का करते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मोठी गंमत वाटली. तिला नुसती ताकद नको असते. तिला वाढायचं असतं, एकाचे दोन, दोनाचे चार व्हायचं असतं, आणि नवी पेशी उभी करायला माल लागतो. घर बांधायला काढलेल्या माणसाने लाकूड चुलीत घातलं तर वासे कशाचे करणार? म्हणून ती थोडं जाळते आणि बरंचसं बांधकामाला वापरते.

तिच्या याच हावरेपणाचा आम्ही फायदा घेतो. पेशंटच्या शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर सोडायची. पेशीला ती खरी वाटते, म्हणून ती आत घेते. पण ही साखर पुढे पचत नाही, आतच अडकून बसते. पेशंटने तासभर मंद उजेडाच्या खोलीत गप्प पडून राहायचं आणि मग यंत्राखाली जायचं. जिथे साखर जमली, तिथे पडद्यावर उजेड. चोराने जेवता जेवता स्वतःच दिवा लावावा, तसा प्रकार. अर्थात उजेड पडला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. साधा जंतुसंसर्गही चमकतो. उलट काही कॅन्सर इतके मितभाषी, की चमकतच नाहीत. चित्र वाचायचं काम डॉक्टरांचं. आमचं काम चित्र नीट काढायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

आता यातली मेख अशी, की पेशंट जेवून आला तर त्याच्या अंगात खरी साखर एवढी भरते, की आमच्या साखरेला कोणी विचारत नाही. शिवाय ती किरणोत्सारी साखर सकाळी बाहेरगावाहून येते आणि दोन तासांच्या आत निम्मी होते. फ्रीजमध्ये ठेवून उद्या वापरू म्हणाल तर उद्या काही उरत नाही. म्हणून उपाशी येणं महत्त्वाचं. आणि नेमक्या याच शब्दाने माझा छळ केला.

आमच्या रिसेप्शनवरची मुलगी फोनवर गोड आवाजात सांगायची, “आंटीजी, कल उपवास करके आना.” हिंदी माणसाला ते बहुतेक वेळा कळायचं. मराठी घरात या शब्दाला स्वयंपाक लागतो. अन्नपूर्णा भागातल्या इनामदार काकू त्या दिवशी अशा प्रसन्न चेहऱ्याने आल्या, की मला तिथेच शंका यायला हवी होती.

“काकू, काही खाल्लं नाही ना?”

“छे गं! कडक उपास आहे. पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली, थोडा बटाट्याचा कीस, वर ताक. बस.”

“काकू!”

“अगं, राजगिऱ्याचा लाडू नाही खाल्ला. तो पर्समध्ये आहे. स्कॅन झाला की खाईन.”

एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते, पण अशी समोर चालत आलेली पाहिली नव्हती. काकूंना परत पाठवलं. मग मी रिसेप्शनला बजावलं, उपवास हा शब्द आजपासून बंद. तिने विचारून विचारून ‘निर्जळी’ असा मराठी शब्द शोधून काढला, तर पुढचे गृहस्थ पाण्याचा थेंब न घेता आले आणि त्यांची शीर सापडेना. पाणी तर आम्हाला हवं असतं! मग फोनवर सांगायला लागलो, खाना नहीं, पानी पी सकते हैं. त्यावर एक भिया, म्हणजे इंदुरी भाईसाहेब, आले, पोटावरून हात फिरवत म्हणाले, “खाया कुछ नहीं, बस शिकंजी पी है.” बाहेरच्या वाचकांना सांगते, की इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. ते आटवलेलं दूध असतं, सुकामेवा घातलेलं, आणि ते पिण्यापेक्षा चावावं जास्त लागतं. मी त्यांना म्हटलं, “ये पीना हुआ?” ते म्हणाले, “गिलास में थी ना, मॅडम.”

असं हसत-हसवत चाललेलं असताना भिसे भिया आले. माझ्या नोकरीतून कोणी एकच माणूस आठव म्हणालं, तर मी त्यांना आठवेन.

भिसे जिलबीवाले. त्यांचे कोणी पणजोबा होळकरांच्या पागेत होते. घराणं घोड्यावरून उतरलं आणि कधीतरी कढईपाशी येऊन बसलं. अन्नपूर्णेच्या पलीकडच्या एका गल्लीत त्यांचं छोटंसं दुकान. मिसरूड फुटल्यापासून ते तिथे बसून जिलबी पाडत होते. मराठी घरचे असूनही सगळे त्यांना ‘भिसे भिया’ म्हणत. त्यांच्या मानेत गाठी आल्या, तपासणी झाली, लसीकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. उपचार सुरू व्हायच्या आधीचा स्कॅन करायला ते आले, ते सगळ्यांना नमस्कार करत, दंड थोपटल्यासारखे.

“ताई, गाठ-बीठ काय असेल ती असू दे. आपण घाबरत नाही. फक्त सांगा, दुकान कधी उघडू?”

त्यांच्याबरोबर वहिनी होत्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्या मात्र घाबरल्या होत्या. मी दोघांना आमच्या कामाची गोष्ट सांगितली, तशी सगळ्यांना सांगायचे. स्कॅनमध्ये मान, काख, छाती, सगळीकडे दिवे लागले होते. उपचार सुरू झाले. या आजारात औषध बऱ्याच जणांना चांगलं लागू पडतं, म्हणून मी फारशी काळजी केली नाही.

मधल्या तपासणीला ते आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. औषधाने केस जातात, ते मला सवयीचं होतं. पण हा माणूसच निम्मा झाला होता. शर्टात दुसरा एखादा भिसे मावला असता. काट्यावर उभं केल्यावर वहिनींनी तोंड फिरवलं आणि मग त्यांचा बांध फुटला.

“ताई, तुम्ही तरी सांगा ह्यांना! जेवतच नाहीत. मीठा सोडला, साखर-गूळ सगळं सोडलं, भात सोडला, पोळी सोडली. फळ दिलं तर म्हणतात त्यात पण साखर. दुधीचा रस आणि करेल्याचा रस, बस, एवढंच. मोठे डॉक्टर बोलले, वजन असंच घसरलं तर पुढची दवाई रोखावी लागेल.”

भिसे शांतपणे म्हणाले, “गाठ मीठा खाते ना, ताई? तर मी मीठाच बंद करून टाकला. भुकी मरेल साली.”

पुतण्याने मोबाईलवर काहीतरी पाठवलं होतं. साखर बंद, कॅन्सर बंद. असले संदेश पाठवणाऱ्यांना एकेक करून माझ्याकडे आणावं आणि तोच कारल्याचा रस पाजावा, असं मला फार वाटतं. पण खरी गोष्ट पुढेच होती. त्यांनी दुकानही बंद केलं होतं. तब्येतीमुळे नव्हे.

“लोकांना काय विकत होतो मी इतकी वर्षं?” ते म्हणाले. “सकाळी सकाळी कागदात बांधून गाठीच देत होतो ना? आता कळलं, तर कोणत्या तोंडाने कढई चढवू?”

मला राग आला आणि रडूही आलं. डॉक्टरांनी समजावलं होतं, आहाराच्या बाईंनी समजावलं होतं, आणि हा माणूस मान डोलावून घरी जाऊन पुन्हा दुधी पीत होता. वाद घालायला माझ्याकडे नवीन काही नव्हतं. मी आपलं नेहमीचं काम सुरू केलं. इंजेक्शनच्या आधी बोटाला टोचून रक्तातली साखर बघावी लागते, तशी बघितली.

“किती आली?” भिसेंनी विचारलं.

“नव्वदच्या आसपास. उत्तम आहे.”

ते उठून बसले. “होऊच शकत नाही! ताई, तुमचं मशीन चेक करा. मी मीठ्याकडे बघितलं पण नाही.”

मी दुसरी पट्टी लावली. तेच. मग त्यांनी हळूच मान वळवून वहिनींकडे बघितलं. “तू दुधीत काही टाकत होतीस का?”

“मी?” वहिनी ताडकन उठल्या. “टाकली असती तर बरं झालं असतं! हाडं तरी दिसली नसती!”

दोघांचं जुंपणार असं दिसलं, तेव्हा मी माझ्याच बोटाला टोचलं. सकाळी पोहे-जिलबी खाऊन आले होते मी. माझी साखर त्यांच्यापेक्षा थोडी जास्त निघाली, पण थोडीच. भिसे कधी माझ्या आकड्याकडे, कधी त्यांच्या आकड्याकडे बघू लागले. धंद्यातला माणूस होता. माल आत न येता गल्ल्यावर विक्री कशी दिसते, हे त्यांना खटकलं.

“मग माझ्यात ही साखर आली कुठून?”

“भिसे, तुमच्या उजव्या बरगडीखाली यकृत आहे ना, ते म्हणजे तुमच्या आतलं दुकान. तुम्ही बाहेर शटर ओढलंत, पण ते काही बंद झालं नाही. तुम्ही साखर खा नाहीतर खाऊ नका, ते आपली रोज साखर बनवतं. एक दिवस त्याने सुट्टी घेतली, तर तुमचा मेंदू बसेल.”

“आणि माल कुठून आणतं ते?”

“बाहेरून आला तर बाहेरचा. नाही आला, तर घरातलाच काढतं. तुमचे दंड, तुमच्या मांड्या. ते विरघळवून साखर करतं.”

भिसेंनी उजव्या दंडाला हात लावला. जिलबी पाडून पाडून तयार झालेला दंड तो. आता त्याभोवती बोटं पुरत होती.

“मतलब गाठीला मिळतंयच?”

“तिला मिळतंय. रक्तात आली की ती ओढून घेते. उपास तुम्हालाच घडतोय.”

वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. भिसे दंड चाचपत बसले. मी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती सांगायलाच हवी होती. “तुमच्या जिलबीने कोणाला गाठी होत नाहीत. ताटभर रोज खा, असं मी कोणालाच म्हणणार नाही. अंग सुटतं, मधुमेह होतो, त्यातून नाना भानगडी. पण ती पोटात गेली आणि सरळ गाठीच्या तोंडात पडली, असं होत नाही. गाठीला औषध मारणार आहे. ते औषध सोसायला अंगात मांस हवं. तुम्ही दुश्मनाची रसद तोडायला निघालात आणि स्वतःचीच फौज उपाशी ठेवलीत.”

शेवटचं वाक्य मी पागेतल्या पणजोबांसाठी टाकलं होतं. ते लागू पडलं असं मला वाटलं, पण भिसे त्याकडे लक्ष न देता म्हणाले, “हलवाई भुका असला तर कढई सांडतो, ताई.” मग त्यांनी इंजेक्शनसाठी हात पुढे केला.

स्कॅन झाल्यावर पेशंटला खायला परवानगी असते. बाहेरच्या बाकावर वहिनींनी डबा उघडला. वरण-भात होता. रोज आणत असणार बिचाऱ्या, आणि रोज परत नेत असणार. काचेतून मला भिसे पाठमोरे दिसत होते. त्यांनी पहिला घास बराच वेळ हातात धरला आणि मग खाल्ला. मला पुढचा पेशंट घ्यायचा होता, पण मी जरा उशिराच घेतला.

इथे एक सांगून टाकते. असं सगळ्यांच्या बाबतीत झालं नाही. गाठ उपाशी मारायला निघालेले आणखीही काही जण मला भेटले. इंदूरजवळच्या हातोदहून एक तरुण मास्तरीणबाई यायची, हुशार, वाचलेली. तिला मी हेच सगळं सांगितलं, साखरेचं मीटरही दाखवलं. ती हसून म्हणाली, “ताई, तुमचं बरोबर असेल, पण मला काहीतरी स्वतःच्या हाताने करायचंय.” औषध दुसरे देतात, यंत्र आम्ही चालवतो, पेशंटच्या हातात फक्त ताट उरतं. मग तो तेच ढकलून देतो. ती पुढच्या तपासणीला आली नाही. आमच्या खात्यात माणसं येतात, निजतात, उठून जातात, आणि पुढे काय झालं ते बहुतेक वेळा कळत नाही. या नोकरीत मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

भिसेंचा शेवटचा स्कॅन उपचार संपल्यानंतर काही आठवड्यांनी होता. गाठी गेल्या की नाही, पुढे आणखी कडक औषधं लागणार की सुटका, ते त्यावर ठरणार होतं. ते आले तेव्हा अंगात शर्ट बसत होता, डोक्यावर कोवळे केस होते. वहिनी मात्र पहिल्या दिवसासारख्याच घाबरलेल्या. इंजेक्शन डाव्या हातात दिलं, तासभर निजवलं, मग दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावून यंत्रात सरकवलं.

पडद्यावर चित्र उमटू लागलं. मेंदू चमकत होता, चमकायलाच हवा. मूत्राशयही, कारण उरलेली साखर लघवीवाटे जाते. मान, काख, छाती मी तीन-तीनदा पाहिली. अंधार. इतका छान अंधार मी क्वचितच पाहिला असेल. आणि मग नजर वर गेली. उजवा खांदा, दंड, थेट मनगटापर्यंत सगळा हात लखलखत होता.

आधी वाटलं, इंजेक्शन बाहेर सांडलं. पण ते डाव्या हाताला होतं. मग जरा निरखून बघितलं, तर तो डाग गाठीसारखा नव्हता. स्नायूंच्या ओळीने, लांबच लांब होता. नुकताच राबवलेला स्नायूही साखर ओढतो. म्हणूनच तर आम्ही पेशंटला आदल्या दिवसापासून मेहनत करू देत नाही. डॉक्टरांना कारण सांगणं माझं कामच होतं, तेव्हा बाहेर येऊन मी चेहरा कोरा ठेवून विचारलं, “भिसे, सकाळी काय करत होतात?”

“काही नाही.”

“उजवा हात वेगळंच सांगतोय.”

भिसेंनी तो हात पाठीमागे लपवला. शाळेतल्या पोरासारखा! “ताई... दुकानात जाऊन एकच घाणा काढला. आईशप्पथ, एकच. मतलब आज काय निघेल ते निघेल, तर म्हटलं, एकदा बसून बघू, हात चालतो की नाही.”

“मला बोलले फिरायला चाललो!” वहिनी किंचाळल्या.

“त्याच्याने रिपोर्ट बिघडला का, ताई?” भिसेंचा आवाज एकदम खाली आला. “काही वाईट दिसलं का?”

मला सांगायची परवानगी नाही. इतक्या वर्षांत मी कधी सांगितलं नव्हतं. “डॉक्टर सांगतील,” म्हटलं आणि वळून आत गेले, कारण चेहरा माझं ऐकेनासा झाला होता.

आमचे डॉक्टर पडद्यासमोर भुवया चढवून बसले होते. “ये हाथ का क्या मामला है?”

“सर, जलेबी.”

“क्या?”

“पेशंट हलवाई आहे, सर. सकाळी एक घाणा काढून आलाय.”

डॉक्टर आधी माझ्याकडे, मग चित्राकडे बघत राहिले. मग इतके मोठ्याने हसले, की बाहेर भिसे दचकले असतील. त्यांनी पुन्हा सगळं चित्र वरपासून खालपर्यंत सावकाश तपासलं, आणि एरवी लेखी रिपोर्टशिवाय न बोलणारा तो माणूस खुर्ची ढकलून स्वतः बाहेर गेला. भिसेंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “भिया, गांठें सब चुप हैं. बस आपका हाथ बोल रहा है.”

भिसेंना काही समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणि माझ्या डोळ्यांना मग कोणी आवरलं नाही.

भिसे बाकावर बसले. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. वहिनी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तो हात उचलला, पदराने पुसला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “तुपाचा वास येतोय. चला दुकानात. पाक आळत असेल.”